शिवी तोंडपाठ, पान कोरे

लघुअनियतकालिकांवर मराठीच्या वर्गांत दोन प्रकारची व्याख्याने होतात. एक गौरवाचे, दुसरे घाईचे. गौरवाच्या व्याख्यानात 'शब्द', 'असो', 'येरू', 'फक्त', 'वाचा' ही नावे आरतीच्या कडव्यांसारखी एकामागून एक येतात, 'सत्यकथा'चा अंक जाळला जातो, प्रस्थापितांना हादरा बसतो आणि विद्यार्थी दहा गुणांचे उत्तर वहीत उतरवून घेतात. घाईच्या व्याख्यानात 'या मंडळींची भाषा काही ठिकाणी सभ्यतेच्या मर्यादा ओलांडते' असे एक वाक्य येते आणि लगेच पुढचे प्रकरण उघडले जाते. ही दोन्ही व्याख्याने मी ऐकली आहेत. सांगायला संकोच वाटतो, पण गेल्या पंधरा-सोळा वर्षांत दोन्ही दिलीही आहेत. वरवर पाहता ती परस्परविरोधी वाटतात. वस्तुतः दोहोंत उणीव एकच आहे: वर्गात कोणाच्याही समोर पान नसते.

मजकूर असतो, पान नसते. हा फरक मला फार उशिरा कळला, आणि तोही माझ्याच चुकीमुळे.

मागे तृतीय वर्षाच्या वर्गासाठी साठोत्तरी काळातली एक कविता मी स्वतः संगणकावर उतरवून घेतली. हाताशी असलेली छायाप्रत पुसट होती. ओळी वेड्यावाकड्या, काही शब्द बाकीच्यांच्या दुप्पट मोठे, एक ओळ तर पार समासात चढलेली. मी सगळे 'नीट' केले. ओळी डाव्या समासाला टेकवल्या, सगळीकडे एकच टंक आणि एकच आकार ठेवला, ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि प्रती वाटल्या. वर्गाने कविता वाचली. मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "मॅडम, एवढ्या शिव्या कशाला दिल्यात? नुसतं सांगितलं असतं तरी कळलं असतं की." त्याचे म्हणणे खोटे नव्हते. मी दिलेल्या कागदावर त्या शिव्या खरोखरच उपऱ्या वाटत होत्या. पुढच्या तासाला तीच पुसट छायाप्रत नेली. एक मुलगी बराच वेळ कागद आडवा-उभा करून पाहत राहिली. मग म्हणाली, "हे छापलेलं वाटतच नाही. कोणीतरी आपल्या हातात चोरून दिल्यासारखं वाटतं."

या चळवळीवर मी वाचलेल्या बहुतेक टीकेपेक्षा हे वाक्य अधिक नेमके आहे. त्यातूनच या लेखाचे म्हणणे निघते. शब्दाचा जहालपणा केवळ शब्दात नसतो. तो शब्द कोणत्या कागदावर, कोणत्या अक्षरात, कशाशेजारी आणि कोणासाठी उमटला आहे, यावरही तो ठरतो. म्हणून पान बाजूला सारून जहाल भाषा शिकवणे म्हणजे त्या भाषेविषयी अर्धे खोटे शिकवणे आहे. हे खोटे आपण, मराठीचे अध्यापक, निदान दोन पिढ्या शिकवत आलो आहोत.

आधी त्या पानाची घडण पाहू. १९५०-६० च्या दशकांत मराठीत चांगले पान कसे असते याचा आदर्श गिरगावातल्या खटाववाडीत तयार होत होता. 'मौज'ची छपाई, तिचे काटेकोर मुद्रितशोधन आणि 'सत्यकथा'चे शांत, सारखे स्तंभ यांना मोठी प्रतिष्ठा होती, आणि ती त्यांनी मिळवलेली होती. परंतु असे पान वाचकाला काही न बोलता एक गोष्ट सांगत असते: या मजकुराची निवड झाली आहे, जाणत्यांनी तो तपासला आहे, आता निश्चिंतपणे वाचा. लघुअनियतकालिके ही निश्चिंती मोडू पाहत होती. त्यांतली काही सायक्लोस्टाइलवर निघत, काही गल्लीतल्या ट्रेडलवर. सायक्लोस्टाइल म्हणजे मेणाच्या कागदावर लेखणीने कोरायचे आणि त्यातून शाई झिरपवायची. देवनागरीसाठी हे तंत्र तसे अवघडच. शिरोरेषेवर हात जड पडला की स्टेन्सिल त्या रेषेवरच फाटते. शाई जास्त झाली की 'भ' आणि 'म' एकमेकांसारखे दिसू लागतात. ट्रेडलचे छापखाने मुख्यतः लग्नपत्रिका, पावत्या आणि हँडबिले छापत. पुस्तकभर पुरतील इतके एका मापाचे खिळे अशा जुळाऱ्याकडे असतीलच असे नव्हते. या साधनांनी काढलेले पान डोळ्याला अडखळायला लावणारच. त्यावर वाचक घरंगळत जाऊ शकत नाही, त्याला पायरी पाहून उतरावे लागते.

येथे एक आक्षेप ठरलेला आहे. 'गरिबीला शैली म्हणू नका. पैसे नव्हते म्हणून तसे छापले.' आक्षेप रास्त आहे, पण अपुरा आहे. पैसे नव्हते हे खरेच. पण या मंडळींना अक्षर कळत नव्हते, हे मात्र खरे नाही. 'शब्द' काढणाऱ्यांपैकी अरुण कोलटकर जे. जे. कलाशाळेत शिकलेले, पुढे जाहिरातक्षेत्रात नावाजलेले दृश्यकलावंत. र. कृ. जोशी सुलेखनकार, टंकरचनाकार आणि मराठीत दृश्यकविता लिहिणारे कवी. 'असो'वाल्या अशोक शहाण्यांनी पुढे 'प्रास प्रकाशन'मधून १९७७ साली 'अरुण कोलटकरच्या कविता' काढल्या. ते पुस्तक हातात घेतले की कागद, आकार आणि पानावर सोडलेली जागा यांचा किती विचार झाला आहे ते दिसते. ज्यांना देखणे पान करता येत होते त्यांनी खडबडीत पान केले, तेव्हा त्यात टंचाईइतकाच निर्णयही होता. टंचाईने साधन ठरवले. त्या साधनातून काय बोलायचे आणि ते कसे दिसू द्यायचे, हे माणसांनी ठरवले.

हाच निर्णय लेखनपद्धतीतही दिसतो. १९६२ साली मराठी शुद्धलेखनाचे नवे नियम मान्य झाले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. 'असं', 'केलं', 'वाटतं' यांवरचे टिंब मात्र पात्रांच्या संवादापुरते चालत होते. विवेचन करायचे तर 'असे', 'केले', 'वाटते'. शहाण्यांसारख्यांच्या गद्याने बोलीतले टिंब संवादातून उचलून थेट विवेचनात आणले. आज हे इतके सर्रास झाले आहे की त्यात काही घडले होते हेच जाणवत नाही. त्या काळच्या वाचकाला मात्र हे टिंब खुपले असणार. पंडिताच्या आसनावर कट्ट्यावरचा माणूस येऊन बसावा तसे ते होते, आणि त्यात एकही अपशब्द नव्हता. जहाल भाषा म्हटले की आपण शिव्या मोजतो आणि हे टिंब मोजायचे विसरतो. (प्रस्तुत लेखही 'असे-केले'च्या मराठीत लिहिला आहे. सवय सुटत नाही, आणि त्या सवयीत माझ्या शिक्षणाची जात-वर्गाची मुळे आहेत, हे मला नाकारता येत नाही.)

या चळवळीला 'अवाँ गार्द' म्हटले की लगेच युरोपची उदाहरणे निघतात. विंडम लुईसच्या 'ब्लास्ट'चे नाव हमखास येते. १९१४ आणि १९१५ साली निघालेले दोनच अंक, पहिल्याचे भडक गुलाबी मुखपृष्ठ, त्यावर तिरके उतरणारे जाड अक्षर आणि आत कोणाला शाप, कोणाला आशीर्वाद याच्या याद्या. तुलना करायला हरकत नाही, पण ती पुरती करावी. 'ब्लास्ट'ने भित्तिपत्रकाचे मोठे अक्षर नियतकालिकाच्या पानावर आणून वाचकाच्या अंगावर घातले. तो मोठा आवाज होता. आमच्याकडच्या सायक्लोस्टाइलचा आवाज मोठा नव्हता, तो जवळचा होता. हातोहात फिरणारा, पुसट, कानाशी येऊन बोलणारा. माझ्या विद्यार्थिनीने म्हटले तसा चोरून दिलेला. दोघांनाही एकच 'आक्रमक' हे विशेषण लावले, की दोघांच्या पानांतला फरक नाहीसा होतो.

आता शिवी पानावरून सुटली की तिचे काय होते ते पाहू.

राजा ढाले यांची 'सत्यकथेची सत्यकथा' आणि १९६९ मध्ये 'सत्यकथा'च्या अंकाचे झालेले दहन, या दोन घटना आपण एका दमात सांगतो. त्यांतली दुसरी सगळ्यांना ठाऊक असते. पहिली किती जणांनी वाचलेली असते? दहनाला वाचनाची गरज नसते, ते सांगून भागते. ढाल्यांनी मात्र 'सत्यकथा' वाचली होती, आणि बारकाईने वाचली होती. ज्याला आपण वाङ्मयीन विद्रोहाचा कळस म्हणतो, त्याच्या मुळाशी एका मासिकाचे चिकित्सक वाचन आहे. पण परीक्षेच्या उत्तरात आग उरते, वाचन जळून जाते.

याच ढाल्यांचा दुसरा लेख घ्या. १५ ऑगस्ट १९७२ च्या 'साधना'त 'काळा स्वातंत्र्यदिन' छापून आला. हा सायक्लोस्टाइलचा कागद नव्हता. साने गुरुजींनी सुरू केलेले, घराघरांत जाणारे, स्वच्छ स्तंभांचे साप्ताहिक होते. लेखाचा कणा म्हणजे दोन दंडांची तुलना: राष्ट्रध्वजाच्या अपमानाला ३०० रुपये आणि दलित स्त्रीच्या विटंबनेला ५०. साधा हिशेब होता, कोणालाही पडताळता येण्याजोगा. पण गहजब झाला तो ध्वजाविषयीच्या एका वाक्यावरून, आणि आजही लोकांना आठवते ते तेच वाक्य. हिशेब विसरला गेला. माझ्या मते त्यात पानाचाही हात आहे. हेच वाक्य 'येरू'सारख्या अंकात आले असते, तर त्या पानावरच्या बाकीच्या खडखडाटात ते बसून गेले असते. सोज्वळ पानावर ते एकटे पडले आणि दहापट मोठे ऐकू आले. भाषा तीच, लेखक तोच, पण पान बदलल्याबरोबर त्या भाषेचे वजन बदलले.

तिसरे उदाहरण न्यायालयापर्यंत गेलेले. वसंत दत्तात्रेय गुर्जरांची 'गांधी मला भेटला' ही दीर्घकविता १९८० च्या दशकात प्रथम आली ती भित्तिपत्रकाच्या रूपात. काढणारे अशोक शहाणेच. भित्तिपत्रक उभ्याने वाचायचे असते. सगळी कविता एका कागदावर समोर असते, त्यामुळे गांधी कुठे कुठे आणि कोणाकोणाच्या भाषेत भेटतो हे एकदम नजरेत येते. भाषांचा तो सगळा गलबला हाच कवितेचा विषय आहे, हे तिथे डोळ्यांनाच कळते. पुढे १९९४ मध्ये हीच कविता बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या पत्रिकेत छापली गेली, आणि अश्लीलतेचा खटला उभा राहिला तो या छपाईवरून. १४ मे २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. संपादकाने लगेच माफी मागितली होती म्हणून त्याची सुटका झाली, कवीने मात्र खटल्याला सामोरे जावे असे ठरले. आदरणीय ऐतिहासिक व्यक्तीच्या संदर्भात असे शब्द वापरले तर समाजमान्यतेची कसोटी अधिक कडक होते, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. कायद्याची बाजू कायदेपंडितांनी पाहावी. माझा प्रश्न आपल्या शाखेचा आहे. खटल्यात 'शब्द' तपासले जातात, कारण कायद्याला शब्दच हाती धरता येतात. पण आपणही वर्गात शब्दच तपासत बसलो, तर आपल्यात आणि फिर्यादीत फरक तो काय?

याच्या नेमके उलट उदाहरण आपल्या अगदी हाताशी आहे. दांभिकांवर तुटून पडताना तुकोबा जे शब्द वापरतात, त्यांतले काही आजही मुलामुलींच्या मिश्र वर्गात मोठ्याने वाचताना अध्यापकाचा आवाज खाली येतो. तरी गाथेवर कोणी असभ्यतेचा शिक्का मारत नाही. कारण उघड आहे. शंकर पांडुरंग पंडितांच्या १८६९-७३ च्या 'इंदुप्रकाश' प्रतीपासून आपण तुकोबांना क्रमांक दिलेल्या अभंगांत, पाठभेदांसह, सारख्या ओळींत वाचत आलो आहोत. त्या छापील शिस्तीने तुकोबांची जीभ पवित्र केली, आणि थोडी बोथटही केली. म्हणजे पान शब्दाला पेटवते तसेच विझवतेही. ज्यांना हे गाथेच्या बाबतीत मान्य आहे, त्यांनी लघुअनियतकालिकांच्या बाबतीत का नाकारावे?

आता जी गोष्ट गौरवाचे व्याख्यान देणाऱ्यांना आवडणार नाही, तीही सांगितली पाहिजे. पान परत आणले की त्या पानाचे दोषही परत येतात. या नियतकालिकांत स्त्रियांचे लेखन जवळजवळ नाही. 'चोरून दिलेला' तो कागद पुरुषांनी पुरुषांना दिलेला होता. त्यातल्या पुष्कळशा शिव्या स्त्रीदेहावर उभ्या आहेत, आणि रोख मात्र संपादकावर, समीक्षकावर, व्यवस्थेवर आहे. स्त्री मध्ये सापडली आहे एवढेच. एम.ए.ला असताना मी हे अंक वाचले तेव्हा मला सतत वाटे की दोन पुरुषांचे भांडण मी भिंतीपलीकडून ऐकते आहे, आणि भांडणात नाव माझे घेतले जात आहे. तेव्हा हे बोलायची सोय नव्हती. 'तुला विद्रोह कळला नाही' असे उत्तर मिळाले असते, आणि एकदा मिळालेही. आज म्हणेन की मला कळला होता. शिवी आली तिथे लेखकाने कष्ट घेतले आहेत की शिवी टाकून कष्ट वाचवले आहेत, हे प्रत्येक पानावर वेगळे पाहावे लागते. नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'तली भाषा एका वस्तीचे सगळे जगणे ओढून आणते. कित्येक अंकांतली शिवी मात्र कॉलेजच्या कट्ट्यावरची, धाडसाची हौस भागवणारी आहे. सरसकट गौरव केला की ढसाळांचाच अपमान होतो.

हे वेगळे पाहण्याचे शिक्षण विद्यार्थ्यांना झेपणार नाही, असे माझे काही सहकारी म्हणतात. त्यांनी एकदा बोळिंज नाक्यावर माझ्या विद्यार्थ्यांबरोबर उभे राहावे. तिथे कोणा ना कोणाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स कायम असतो. कोणाचे छायाचित्र केवढे, कोणाचे नाव सोनेरी आणि कोणाचे साधे, 'शुभेच्छुक' म्हणून तळाशी कोण दाटीवाटीने बसले, यंदा कोणाचे नाव वगळले, हे ती मुले रिक्षातून जाता जाता वाचतात आणि गावातले राजकारण बिनचूक सांगतात. मोठ्या अक्षराची दांडगाई त्यांना कळते. तळाच्या बारीक अक्षरातली लाचारीही कळते. या मुलांच्या घरी वाडवळी, कादोडी, आगरी बोलली जाते, आणि ती भाषा वर्गात आली की तिला 'अशुद्ध', 'उद्धट' म्हणणारे आपणच असतो. कोणते बोलणे कोणत्या जागी आक्रमक ठरते, हे त्यांना आपल्याहून जास्त ठाऊक आहे. त्यांच्याकडचे हे ज्ञान वर्गाच्या दाराशी काढून ठेवायला लावून आपण त्यांना 'विद्रोहाची पाच वैशिष्ट्ये' लिहायला देतो.

एम.ए.च्या दोन वर्षांत मी साहित्यशास्त्राचे कितीतरी सिद्धांत शिकले. रसनिष्पत्तीपासून विरचनेपर्यंत सगळे झाले. पण खिळा, फर्मा, समास, टंक यांविषयी एक तास झाला नाही. बापूराव नाईकांसारख्या माणसाने भारतीय मुद्रणावर आणि देवनागरीच्या टंकरचनेवर आयुष्य घालवून ग्रंथ लिहिले, त्यांचे नावही कोणी घेतले नाही. आणि गंमत पाहा. संगणकावर मराठी आली तेव्हा अनेक वर्षे आपण सगळे जो 'मंगल' टंक वाचत होतो, तो दृश्यकविता लिहिणाऱ्या त्याच र. कृ. जोश्यांनी घडवलेला. ती कविता मी ज्या टंकात 'नीट' केली, तोही मंगलच होता. अक्षराचा वेडावाकडेपणा काय बोलू शकतो हे ज्याला मराठीत सर्वांत जास्त कळत होते, त्याच्याच अक्षरात मी तो वेडावाकडेपणा पुसून टाकला. दोष टंकाचा नव्हता, माझ्या डोळ्यांचा होता.

तेव्हा मागणी साधी आहे. अभ्यासक्रमात लघुअनियतकालिके ठेवायची असतील तर मजकुराबरोबर मूळ पानाची प्रतिमा ठेवा. आता ते अवघड राहिलेले नाही, फोनवर छायाचित्र घेता येते. एखादीच कविता शिकवा, पण ती जिथे प्रथम उमटली त्या कागदासह शिकवा आणि शेजारी 'सत्यकथा'चे त्याच काळातले एक पान ठेवा. प्रश्नपत्रिकेत 'भाषेची वैशिष्ट्ये लिहा' याऐवजी 'दोन पानांतला फरक सांगा' असे विचारून पाहा. ज्यांच्या घरात, कपाटात, माळ्यावर हे अंक पडले आहेत त्यांनी ते रद्दीत घालू नयेत. तो कागद स्वस्तातला होता आणि त्याला आता पन्नास-साठ वर्षे होत आली आहेत. तो भुगा झाला, की शिव्या तेवढ्या उरतील. त्या आपल्याला आधीच पाठ आहेत.